पांढऱ्या चट्ट्यांची चौकशी

नव्वदच्या दशकात मी मुंबईत एमडी करत होते. तेव्हा अन्ननलिकेत पांढरे चट्टे दिसले की त्यांचा अर्थ ठरलेला असे. वॉर्डात अंगावर मांस न उरलेली तरुण माणसं भरती व्हायची. जिभेवर आणि टाळ्यावर पांढरा थर आणि गिळताना इतकी कळ, की लाळसुद्धा बाजूला भांड्यात थुंकायची. दुर्बीण आत गेली की वरपासून खालपर्यंत पांढरट-पिवळे जाड चट्टे दिसायचे आणि आमचे सर एचआयव्हीच्या एलायझा तपासणीचा फॉर्म भरायला सांगायचे. अन्ननलिकेतला कॅन्डिडा म्हणजे एड्स, हे समीकरण आमच्या पिढीच्या हाडीमासी खिळलं ते असं. ते चूकही नव्हतं. एचआयव्ही असलेल्या माणसाला हा आजार झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो आजही चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात धरतात.

पुढे मी मिरजेला आले. सांगली जिल्हा तेव्हा एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत गणला जायचा, त्यामुळे समीकरण आणखीच पक्कं झालं. १ एप्रिल २००४ला सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत तसे रुग्ण आमच्या टेबलावर येणं कमी होत गेलं. पांढरे चट्टे मात्र दिसतच राहिले. ते आता धडधाकट माणसांत दिसत होते. शेतावर राबणारे, रिक्षा चालवणारे, शाळेत शिकवणारे लोक. एचआयव्ही निगेटिव्ह, कॅन्सर नाही, केमोथेरपी नाही, अवयव बदललेला नाही. आणि तरी अन्ननलिकेत बुरशी.

रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी झालीय का?’ टीव्हीवर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांच्या आणि चूर्णांच्या जाहिराती पाहून लोकांची अशी समजूत झाली आहे, की प्रतिकारशक्ती ही अंगात कुठेतरी साठवलेली एकच गोष्ट आहे, ती कमी-जास्त होते आणि बाजारात विकत मिळते. मला हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगताना मला कंटाळा येत नाही, कारण सगळं मर्म तिथेच आहे. रक्तातल्या पेशींची ताकद शाबूत असूनही एखाद्या जागेचं स्वतःचं संरक्षण ढासळू शकतं.

कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी. बऱ्याच निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात ती कायम असते आणि काही करत नाही. अन्ननलिका जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची नळी. दिवसाला साधारण लिटरभर लाळ तिच्यातून खाली जाते आणि जाताना नळी धुऊन काढते. शिवाय नळीचे स्नायू लाटेसारखे आवळत जातात आणि जे काही असेल ते पोटात ढकलतात. आतल्या अस्तराचे वरचे थर सतत झडत असतात, त्यांच्याबरोबर चिकटलेले जंतूही जातात. खाली जठरात आम्ल आहे. आणि तोंडातले नेहमीचे जीवाणू जागा अडवून बसलेले असतात, बुरशीला पसरायला मोकळीक देत नाहीत. यातल्या एक-दोन गोष्टी बिघडल्या, की एरवी गप्प असलेली यीस्ट धागे सोडते आणि ते धागे अस्तरात शिरतात. पांढरे चट्टे होतात ते तेव्हा.

हे मला पुस्तकापेक्षा चांगलं एका द्राक्षबागायतदाराने समजावलं. तासगाव भागातले, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना तात्या म्हणत. गरम चहा आणि भाकरीचा घास उतरताना छातीच्या मधोमध कळ येते, अशी तक्रार. वजन घटलेलं नव्हतं, पण तंबाखूची सवय जुनी, म्हणून त्यांच्या पत्नी, काकू, पार घाबरलेल्या होत्या. कॅन्सरच असणार हे धरून त्या आल्या होत्या.

घशात झायलोकेनचा फवारा मारला, तात्यांना डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये माउथपीस दिला. दुर्बीण घशातून उतरली आणि दातांपासून पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास चट्टे सुरू झाले. गुलाबी अस्तरावर किंचित उचललेले, काही गव्हाच्या दाण्याएवढे, काही एकमेकांना लागून उभ्या रेषेत. अशा वेळी आधी पाणी मारून बघायचं असतं. सकाळी घेतलेलं दूध किंवा पित्ताचं पांढरं पातळ औषध अस्तराला चिकटून बसलेलं असलं तर ते धुतलं जातं. हे हललं नाही. मग बारीक ब्रश घातला. घासल्यावर चट्टा सुटला आणि खालचं अस्तर लालभडक, किंचित रक्ताळलेलं दिसलं. ब्रशला आलेला लपका सिस्टरने काचपट्टीवर पसरला आणि ती पट्टी लगेच अल्कोहोलमध्ये टाकली. नळीत गाठ कुठेच नव्हती, हे मी काकूंना तिथल्या तिथे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. धागे भरपूर आहेत, अस्तराच्या पेशींमध्ये घुसलेले. या धाग्यांना महत्त्व आहे. नुसती कल्चरमध्ये बुरशी वाढली तर त्याला फारसा अर्थ नसतो, ती तोंडातून दुर्बिणीबरोबर खाली आलेलीही असू शकते. धागे दिसले तर तिथे खरोखर संसर्ग आहे.

एचआयव्हीची तपासणी मी आजही सांगते. पण विचारून. तात्यांना आत एकटं बोलावलं. ‘तात्या, हा आजार ज्यांना होतो त्या सगळ्यांची आम्ही ही तपासणी करतो. तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही. चालेल का?’ ते म्हणाले, ‘करा की. लपवायसारखं काय न्हाई माझ्याकडं.’ ती निगेटिव्ह आली. साखरही ठीक होती.

मग मी म्हटलं, घरी जी काही औषधं आहेत ती सगळी पिशवीत भरून आणा. माझ्या खोलीत ही पिशवी उलटी करणं हा दुर्बिणीइतकाच महत्त्वाचा भाग आहे. तात्यांच्या पिशवीतून दोन गोष्टी निघाल्या. दम्याचा पंप, ज्यात ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड होतं, आणि पित्तासाठीच्या पॅन्टोप्राझोलच्या गोळ्यांच्या पट्ट्या, रोज सकाळी उपाशीपोटी एक, कुणी आणि कधी सुरू केली ते कुणालाच आठवत नव्हतं. पंप घेतल्यावर चूळ भरता का, असं विचारलं. भरतो म्हणाले. कशी भरता ते करून दाखवा म्हटलं. त्यांनी पंप ओढला, पाण्याचा घोट तोंडात खळखळवला आणि गिळून टाकला.

‘तात्या, थुंकायचं असतं ते.’

‘आवं मॅडम, एवढं म्हागाचं औषध, थुकून कशाला वाया घालवायचं?’

पंपातलं बरंचसं औषध फुप्फुसात न पोचता घशात आणि तोंडात राहतं. चूळ भरून थुंकायची ती त्यासाठीच. तात्या ते नेमाने दोन वेळा अन्ननलिकेत सोडत होते, आणि रात्रीचा पंप तर अंथरुणावर बसून, पाणी पिऊन लगेच आडवं व्हायच्या बेताने. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि आपण गिळतही फार कमी वेळा. स्टेरॉइडचा थर रात्रभर तिथेच. त्या जागेपुरती संरक्षणाची फळी रोज थोडी थोडी मोडत होती, आणि बाकीचं शरीर ठणठणीत.

आजाराचं नाव सांगितलं तेव्हा ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, ‘म्हंजी आमच्या बागंतली भुरीच की ही.’ मग त्यांनी मला भुरी समजावून सांगितली. बुरशी बागेत असतेच, तिला कुठून आणावं लागत नाही. पाला दाट झाला, घडांपर्यंत वारं आणि ऊन पोचेनासं झालं की ती धरते. म्हणून निव्वळ फवारणीवर भागत नाही, पाला विरळ करावा लागतो, नाहीतर औषध मारत बसायचं आणि भुरी येत राहायची. मी शिकवताना विद्यार्थ्यांना अनेक आकृत्या काढून दाखवल्या आहेत, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आणि ही तुलना दिसते त्याहून खोल आहे. भुरीसाठी द्राक्षावर मारतात ते हेक्झाकोनॅझोल आणि मी तात्यांना लिहून दिलेलं फ्लुकोनॅझोल, दोन्ही ट्रायॲझोल घराण्यातली. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो तयार करणारं एकच विकर दोन्ही औषधं अडवतात. तात्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, ‘मग एकच औषध लई वेळा मारलं तर जसं बागंत चालंना होतं, तसं हितंबी होणार?’ होऊ शकतं. ॲस्परजिलस नावाच्या दुसऱ्या एका बुरशीत शेतीतल्या ॲझोलमुळे माणसाच्या औषधांनाही न जुमानणारे वाण निपजलेले आहेत, हे नेदरलँड्समधून आधी पुढे आलं आणि मग इतरत्रही. म्हणून फ्लुकोनॅझोल वाटेल तसं घ्यायचं औषध नाही.

आपल्याकडे ते तसंच घेतलं जातं. नायट्यासाठी आठवड्याला दीडशे मिलिग्रॅमची एक गोळी, हे आता मेडिकलवाल्यालाही पाठ आहे. अन्ननलिकेच्या संसर्गाला तेवढं पुरत नाही. रोज दोनशे ते चारशे मिलिग्रॅम, दोन ते तीन आठवडे, असा कोर्स लागतो. चारपाच दिवसांत कळ थांबते, माणूस भाकरी खायला लागतो आणि उरलेली पट्टी कपाटात जाते. पुढे कुणाला खाज आली की तीच पट्टी बाहेर येते.

दुसरी काळजी याहून मोठी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालेलं मी फार वेळा पाहिलं आहे. फ्लुकोनॅझोल यकृतातल्या काही विकरांना अडवतं, आणि ज्या औषधांचा निचरा त्या विकरांमार्फत होतो ती रक्तात साचतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइड त्यात येते, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन येते. मधुमेहामुळे कॅन्डिडा झालेल्या आजोबांना फ्लुकोनॅझोल सुरू करायचं आणि ग्लिमेपिराइडचं काय ते बघायचं नाही, म्हणजे साखर धाडकन उतरून ते पहाटे मोरीत पडले तर आश्चर्य वाटायला नको. असे रुग्ण इमर्जन्सीत येतात. बुरशी साधी असते, गोळी स्वस्त असते, आणि म्हणूनच कुणी थांबून बाकीची यादी वाचत नाही.

तात्यांच्या बाबतीत मी पंप मात्र बंद केला नाही. उलट तो बंद करू नका, असं काकूंसमोर बजावून सांगितलं. पंपाने बुरशी झाली एवढंच कानावर पडलं तर लोक पंप फेकून देतात आणि पुढच्या थंडीत दम्याच्या झटक्याने ऑक्सिजनवर येतात. त्यापेक्षा ती बुरशी परवडली. स्पेसर लावून पंप घ्यायचा, तोही जेवणाआधी, मग चूळ भरून थुंकायची आणि वर घास खायचा. पॅन्टोप्राझोलची त्यांना गरज नव्हती, ती हळूहळू सोडवली. तात्या आता गावातल्या प्रत्येक पंपवाल्याला थुंकायला शिकवतात, असं काकू सांगतात.

पित्ताच्या गोळ्यांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. त्या चांगल्या गोळ्या आहेत. अल्सर फुटून पोट फाडावं लागणारे रुग्ण त्यांच्यामुळे किती घटले, ते माझ्या आधीच्या पिढीतले सर्जन सांगतील. पण अँटिबायोटिकबरोबर पित्ताची गोळी, दुखण्याच्या गोळीबरोबर पित्ताची गोळी, आणि मूळ औषध संपल्यावरही ती चालूच, हा प्रकार सर्रास झाला आहे. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यावर वरच्या भागातल्या जंतूंचा ताळमेळ बदलतो. त्यात एखादा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तोंडातले नेहमीचे जीवाणू मारले गेले, की कॅन्डिडाला रान मोकळं. आणि गुडघेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्या! त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. रुग्ण शपथेवर सांगतो, मी इंग्रजी औषध घेतच नाही.

पण सगळा दोष औषधांचाच असतो असंही नाही. जत भागातून तिशीतली एक बाई आली होती. बरोबर नवरा आणि दीर. दुसऱ्या एका ठिकाणी तिची दुर्बिणीची तपासणी झाली होती आणि अहवालाच्या तळाशी छापलेलं होतं: कॅन्डिडा, एचआयव्ही तपासून घ्यावे. तो कागद कुणीही समजावून न सांगता दिराच्या हातात दिला गेला होता. घरी काय काय झालं असेल ते तिच्या चेहऱ्यावर होतं. तपासणी निगेटिव्ह आली होती, तरी सासूने तिचं ताट वेगळं केलं होतं. एचआयव्हीविषयीचा २०१७चा कायदा सांगतो, की संमती घ्या आणि गुप्तता पाळा. तो २०१८च्या सप्टेंबरपासून लागू आहे. छापील अहवालातल्या एका ओळीने तो मोडतो, आणि मोडणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, याचा मला संताप येतो.

तिला मी जेवण कसं करतेस, एवढंच विचारलं. ती म्हणाली, प्रत्येक घासाला पाणी लागतं. मध्येच उठून उभी राहते, हात वर करते, मग घास उतरतो. पाणीही अडकतं. रात्री उशीवर न पचलेलं अन्न येतं. किती वर्षं? ‘धाकटा पोटात होता तेव्हापासनं.’ धाकटा आता शाळेत जात होता. इतकी वर्षं ती पित्ताच्या गोळ्यांवर होती.

दुर्बीण घातली तर रात्रभर उपाशी असूनही नळीत भाताची शितं आणि फेसाळ लाळ साठलेली. चट्टे होतेच. खालचं तोंड घट्ट मिटलेलं, हलका दाब दिल्यावर दुर्बीण एकदम जठरात उतरली. बेरियमच्या एक्सरेत वर फुगलेली आणि खाली निमुळती होत गेलेली नळी दिसली. अकॅलेशिया. नळीच्या खालच्या झडपेला सैल व्हायला सांगणाऱ्या मज्जापेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे ना झडप उघडते ना वरून लाट येते. जे साठून राहतं त्यावर बुरशी येते. तिला कितीही फ्लुकोनॅझोल दिलं असतं तरी बुरशी परत आली असती. आधी बुरशी घालवली आणि मग तिला पुण्याला पाठवलं. तिथे तोंडावाटे दुर्बिणीतूनच झडपेचा स्नायू कापला. २००८ साली जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी सुरू केलेली ही पद्धत आता आपल्याकडेही होते. परत दाखवायला आली तेव्हा वजन वाढलं होतं. सासू बरोबर आली होती. मी मुद्दाम सासूलाच शेजारी बसवलं, आजार कसा होता ते चित्र काढून सांगितलं, आणि तो कुणाच्या ताटाला लागत नाही हेही.

२०२१च्या उन्हाळ्यानंतर बुरशी हा शब्द माझ्या खोलीत उच्चारणंच अवघड झालं. करोनातून उठलेल्या माणसांचे डोळे, जबडे काळ्या बुरशीने गेलेले लोकांनी आपल्या गल्लीत पाहिले होते. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी रात्रभर फिरलेले नातेवाईक त्याच घरांतले. तेवढ्यात बातम्यांत पांढरी बुरशीही आली. त्यानंतर दुर्बिणीच्या अहवालात बुरशी वाचून एक तरुण माझ्यासमोर रडला होता, आता माझा डोळा काढणार का, म्हणून. तेव्हापासून मी आधी हे सांगते, की ही काळी बुरशी नाही, तिच्या घराण्यातलीही नाही, हिला गोळीने बरं करता येतं, आणि मग नाव घेते.

कित्येकांना तर काहीच होत नसतं. जळजळीसाठी म्हणून तपासणी करावी आणि दोन-चार बारीक चट्टे दिसावेत. १९७६ साली कोडसी आणि सहकाऱ्यांनी चार पायऱ्यांची प्रतवारी दिली, तिच्यातली ही पहिली पायरी. अशांना लगेच औषध द्यावं का, यावर आमच्यात एकमत नाही. गिळताना त्रास नसेल आणि कारण हाताशी असेल, तर मी आधी कारण दूर करते.

आणि मग कारणच न सापडणारे. एक प्राथमिक शिक्षक होते, पन्नाशीच्या आतले, निर्व्यसनी. पंप नाही, गोळ्या नाहीत, साखर नाही, एचआयव्ही नाही. बेरियमची तपासणी चांगली. पांढरे ठिपके इओसिनोफिल पेशींच्या दाहातही दिसतात, म्हणून नळीच्या वर-खालून तुकडे घेतले, तेही स्वच्छ. कोर्स पूर्ण केला, त्रास गेला. पुन्हा होईल का, असं त्यांनी विचारलं. होऊ शकेल म्हटलं, आणि झालं तर येताना त्या महिन्यात पोटात गेलेल्या प्रत्येक औषधाचं नाव लिहून आणा, दाताच्या डॉक्टरांचंसुद्धा. त्यांच्या फाइलमध्ये कारणाच्या रकान्यात मी ‘सापडलं नाही’ असं लिहिलं आणि त्याखाली काय काय तपासलं त्याची तारखांसह यादी केली, म्हणजे पुढे कुणा दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर सुरुवात पुन्हा एलायझाच्या फॉर्मपासून व्हायला नको.